लेकीच्या घरचा चहा

"मावशी, तुम्हाला स्वतःला काय आवडतं? चहा की कॉफी?" असं परवा एका पोरीनं विचारलं आणि मी चक्क गप्प बसले. पोरगी पुण्याची. गड उतरून आली होती, बूट चिखलानं माखलेले, आणि माझ्या टपरीच्या बाकावर पाय पसरून बसली होती. तिनं आपलं सहज विचारलं. मी लोहगडवाडीत चहा विकते. पातेलीच्या पातेली चहा उकळते, हल्ली कॉफीपण ठेवते, आणि मला काय आवडतं ते मला सांगता येईना. "दोन्ही," म्हणाले शेवटी, आणि कढईतल्या भज्यांकडे वळले. ते काही खरं नव्हतं. खोटंपण नव्हतं. या बाबतीत माझा फार आधीपासून गोंधळ आहे, आणि तो माझ्या वडिलांनी घालून ठेवलाय.

माझं माहेर लोणावळ्याचं. आबा, म्हणजे माझे वडील, रेल्वेत होते. घाट चढताना गाडीला मागून ढकलायला जी जादा इंजिनं लावतात ती लोणावळ्याला आली की सोडवायची, ते त्यांचं काम. त्यांच्यासोबत दक्षिणेकडचे एक गृहस्थ कामाला होते. त्यांनी आबांना कॉफीची चटक लावली, आणि ती अशी लावली की आबांनी त्यांच्याकडून एक पितळी फिल्टरच मागून आणला. सकाळी आमच्या घरी कॉफी, दुपारी चहा. सकाळी चहा पिणारी माणसं आबांना जरा कमी अकलेची वाटायची. आई मात्र त्या कॉफीत गुपचूप जायफळ उगाळून घालायची. आबांना पहिल्या घोटाला कळायचं. "पुन्हा औषध घातलंस?" असं ओरडायचे, आणि सगळी कॉफी संपवायचे. रोज सकाळी हेच. मी त्या भांडणावर मोठी झाले.

आबांचं मूळ गाव पवन मावळातलं, त्यामुळे सोयरीक जुळली ती इकडचीच. मी लोहगडवाडीला नांदायला आले तेव्हा वर यायला धड रस्ता नव्हता. मळवली स्टेशनला उतरायचं, भाजे गावातून खिंड चढायची, आणि छातीचा भाता झाला की समजायचं, सासर आलं. सासरी फक्त चहा. गुळाचा, गवती चहा टाकलेला. दूध असलं तर ते वरून, कारण गुळाच्या चहात दूध उकळलं की फाटतं. माहेरून आणलेली कॉफी मी पहिल्याच आठवड्यात हौसेनं केली. सासूबाईंनी एक घोट घेतला आणि उठून अंगणात थुंकून आल्या.

"आगं, हे तर जळक्या चिंचोक्याचं पानी," म्हणाल्या. "आजारी मानसाला देत्यात का तुज्या म्हायरी?"

झालं. मी चहावर आले. पहिले काही महिने तो घशाखाली उतरायचा नाही, मग उतरायला लागला, आणि मग एक दिवस असा आला की सकाळी तो मिळाला नाही तर माझं डोकं दुखायला लागलं. हे कधी झालं ते मला कळलंच नाही. माणसाची जीभ अशी आपल्याला न विचारता बदलते, याचा मला अजून राग येतो.

आता ती रीत सांगते, जिच्यामुळे हे सगळं रामायण. आमच्याकडे लेक दिली की तिला मूल होईपर्यंत आईबापानं तिच्या घरचं काही खायचं-प्यायचं नाही. घोटभर पाणीसुद्धा नाही. नातवंड झालं की बारशाला यायचं, पोटभर जेवायचं, आणि पुढं खुशाल महिना महिना मुक्काम ठोकायचा. बहुतेकींच्या घरी हे वर्ष-दीड वर्षात मिटून जातं, त्यामुळे रीत कुणाला जड जात नाही. आणि आता पाळतं तरी कोण? शेजारणीचे वडील लेकीला पहिल्यांदा भेटायला आले तेच मटणाच्या रश्श्यावर ताव मारून गेले. कुणी हूं की चूं केलं नाही.

मला मूल झालं नाही.

तळेगावचे डॉक्टर झाले, पुण्याचे झाले. एकवीरेच्या पायऱ्या चढून गुडघे झिजले. ह्यांनी, म्हणजे आमच्या मालकांनी, दुसऱ्या लग्नाचं नाव कधी काढलं नाही, आणि सासूबाईंनी काढलं तेव्हा ते ताटावरून उठून शेतावर गेले ते संध्याकाळीच परत आले. त्याबद्दल मी त्यांची जन्मभराची ऋणी आहे, जरी बाकी ते मला रोज वैताग देत असले तरी. पण आईबापाच्या बाबतीत माझं घर त्या रितीत अडकून पडलं. आबा यायचे ते थर्मास घेऊन.

खांद्याला पिशवी, पिशवीत थर्मास, पाण्याची बाटली आणि आईनं बांधून दिलेल्या दशम्या. आमच्या अंगणातल्या दगडी ओट्यावर बसायचे. मी आतून पाणी घेऊन यायचे, दर वेळी, मुद्दाम. ते हात जोडायचे, "असू दे बाय." मग थर्मासचं झाकण उघडायचे, दोन पेले काढायचे, एकात स्वतःला कॉफी ओतायचे आणि दुसरा माझ्यापुढं करायचे. म्हणजे बघा, माझ्याच अंगणात बाप यजमान आणि मी पाहुणी! आणि कॉफीला जायफळाचा वास यायचा. त्या वासानं मला थेट आमच्या लोणावळ्याच्या स्वयंपाकघरात नेऊन बसवायचं. कॉफी प्यावीशीपण वाटायची आणि तो थर्मास खिंडीत भिरकावून द्यावासापण वाटायचा. मी प्यायचे. काय करणार? वर्षातून चार-दोनदा माहेरची चव मिळायची.

पण प्रत्येक घोटाला मला वाटायचं की हे मला दाखवून देतायत. तुला मूल नाही, तुला मूल नाही. तोंडानं अवाक्षर नाही, पण थर्मास मध्ये ठेवलेला. सासूबाई तर मुद्दाम दारात येऊन बघायच्या आणि म्हणायच्या, "तुजा बाप शाना हाये. रीत सोडत न्हाई." त्या गेल्या बिचाऱ्या, पण ते वाक्य मागं ठेवून गेल्या.

माझा गोंधळ व्हायचा तो वेगळ्याच कारणानं. आबा कधी देवाधर्माचे नव्हते. श्रावणात मटण खायचे, उपासाच्या दिवशी आईला चिडवायला कांदाभजी आणायचे, सोवळंओवळं म्हटलं की हसायचे. मग जगातल्या सगळ्या रिती सोडून त्यांनी नेमकी हीच का पकडून ठेवावी? एकदा मी विचारलंच. "आबा, तुमचा कशाकशावर विश्वास नाही, मग हे एवढंच का?"

"धरलं ते धरलं," म्हणाले, आणि थर्मासचं झाकण घट्ट फिरवायला लागले.

आईपण तशीच. ती तर माझ्याकडे बघायचीच नाही पाण्याला नको म्हणताना, गडाकडे बघायची. ती अशीच माझ्या घरचं घोटभर पाणी न पिता गेली. मला वाटलं आता तरी आबांना उमजेल. कसलं काय! दिवस घालून झाल्यावर ते पुन्हा आले, आणि थर्मास आता स्वतः भरून आणायला लागले. त्यात जायफळ होतं. आयुष्यभर त्याला औषध म्हणून नावं ठेवणारा माणूस स्वतःच्या हातानं उगाळून आणायला लागला.

मग गडावर येणाऱ्या लोकांची गर्दी वाढली. रस्ता डांबरी झाला, पावसाळ्यात शनिवार-रविवारी जत्रा लोटायला लागली. ह्यांनी आमच्या दारासमोर, वाटेच्या पलीकडे बांबू आणि निळा प्लॅस्टिकचा कागद लावून टपरी उभी केली, पुढं वर पत्रा आला. दोन शेगड्या, पाण्याचा निळा पिंप, बाक, आणि 'चहा-नाष्टा-जेवण मिळेल' अशी पाटी. पहिल्यांदा टपरी बघायला आबा आले ते अंगणात न येता सरळ बाकावरच बसले.

"एक चहा टाक," म्हणाले.

मी मागं वळून बघितलं की हे कुणाला सांगतायत. मागं कुणी नव्हतं.

"आबा, चहा? तुम्ही?"

"टपरी हाये ना ही?"

"हो."

"मंग? टपरीवर मानूस चहाच पितो की. हे काय तुजं घर न्हाई. चूल येगळी, पानी येगळं."

अहो, मी एवढी गांगरले की साखर दोनदा टाकली. इतकी वर्षं ज्या माणसासाठी मी पाण्याचा तांब्या घेऊन उभी राहिले, तो माझ्या हातचा चहा पिणार! कप त्यांच्या हातात दिला, त्यांनी तो ओठापर्यंत नेला, आणि थांबले.

"दूध कुनाचं?"

"घरचं. म्हशीचं."

कप खाली आला. "मंग घरचंच झालं की."

कपाळ माझं! तेव्हापासून टपरीत पिशवीचं दूध आलं, ते फक्त आबांसाठी. मुंबई-पुण्याच्या अनोळखी पोरांना म्हशीच्या दाट दुधाचा चहा, आणि जन्मदात्या बापाला पिशवीच्या पाणचट दुधाचा. ह्यांना तर हसू आवरेना. "तुजा बाप रेल्वेत फुकट गेला," म्हणाले, "कोर्टात पायजे व्हता." मीपण हसले, पण त्या हसण्यातपण मला धड कळत नव्हतं की मी खूश आहे की माझा अपमान झालाय. ते माझ्या हातचं पीत होते, हे खरं. माझ्या घरचं पीत नव्हते, हेही खरं. वाटेच्या अलीकडे मी लेक, पलीकडे गेले की चहावाली.

असं बरंच चाललं. आणि मग गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर आबा लोणावळ्याच्या घरी मोरीत घसरले. हाड वाचलं, पण पायातली ताकद गेली. ते तिथं एकटे. मी एकुलती एक, त्यामुळे दुसरं कुणी बघायला नाही. शेजारच्या बाईंचा फोन आला तशी मी गेले, तर हा माणूस भिंतीला धरून उभा राहून फिल्टरमध्ये कॉफी भरतोय आणि अर्धी पूड ओट्यावर सांडलेली.

"चला माझ्याकडे," मी म्हणाले. "आता बास झालं."

"तुज्याकडं येऊन मी पिऊ काय?"

तिथं ठेवावं तर एक दिवस पडून जातील आणि कुणाला कळणार नाही. घरी आणावं तर तहानेनं राहतील. मला दोन्ही नको होतं. मला आबा माझ्या घरात हवे होते, माझ्या स्वयंपाकघरात, माझ्या गॅसवरचा चहा बशीत ओतून पिताना. एवढीशी गोष्ट. पण त्याशिवाय ते माझ्याकडे टिकणार नव्हते, हे मला दिसत होतं.

तोडगा त्यांनीच काढला. "टपरीत ऱ्हातो," म्हणाले.

मला वाटलं चेष्टा करतायत. नव्हते करत. खाट टपरीत आली, रेडिओ आला, पितळी फिल्टर आला. चहा, कॉफी, पिठलं, भाकरी, सगळं टपरीच्या शेगडीवरचं आणि पिंपातल्या पाण्याचं. वाडीत चर्चा सुरू झाली की जावयानं सासऱ्याला घराबाहेर काढलं. आमचे हे ज्याला त्याला समजावून थकले. समजावणार तरी काय? "म्हातारं सोताच भाईर ऱ्हातंय" यावर कोण विश्वास ठेवणार?

आबांना मात्र टपरी मानवली. गडावर जाणाऱ्या लोकांना ते मालक वाटायचे आणि त्यांनी तो गैरसमज दूर केला नाही. कुणी बिनदुधाची, बिनसाखरेची कॉफी मागितली की ते काळजीनं विचारायचे, "का रं, सुतक हाये का घरी?" एका पोराला त्यांनी अर्धा तास बसवून फिल्टर कसा भरायचा ते शिकवलं, तोवर त्याचे सोबती गड चढून वर गेलेसुद्धा. मी लांबून बघायचे. मला बरं वाटायचं आणि चिडपण यायची. परक्या पोरांना मांडीला मांडी लावून कॉफी पाजतोय, आणि पाच पावलांवर लेकीचं घर आहे तिथं येत नाही.

पण लोहगडचा पाऊस म्हणजे काही खायची गोष्ट नाही. धुकं टपरीच्या आरपार जातं. पांघरूण सकाळी पिळून काढावं इतकं दमट. आबांना खोकला लागला तो हटेना. कामशेतच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि माझ्याकडे असं बघितलं की मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. "यांना घरात झोपवा," म्हणाले. "अजून असेच बाहेर राहिले तर मी काही सांगू शकत नाही."

परत येताना रिक्षात आबा म्हणाले, "आत आलो तर पिऊ काय?" पुन्हा तेच.

तेव्हा ह्यांच्या डोक्यातून ती कल्पना निघाली. मी आधी नाही म्हणायला हवं होतं, पण मला काही सुचतच नव्हतं. "टपरीच आत घेऊ," हे म्हणाले. "म्हातारं घरात येत न्हाई ना? मंग घरालाच टपरी करू." आणि खरंच केलं की! पुढच्या खोलीच्या भिंतीवर पाटी ठोकली. शेगड्या आत, पिंप आत, बाक आत, आबांची खाट आत. आबांनी दारात उभं राहून सगळं नीट पाहून घेतलं.

"गिऱ्हाईक हितं बसनार?"

"बसनार," हे म्हणाले.

"नुसतं दाखवायपुरतं न्हाई?"

"न्हाई वो. समदी हितंच."

"मंग चालंल," म्हणाले आबा, आणि आत येऊन खाटेवर टेकले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते माझ्या छपराखाली बसले, आणि ते छप्पर त्या क्षणी माझं राहिलेलं नव्हतं. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत हॉटेल, उंबऱ्याच्या पलीकडे लेकीचं घर, अशी त्यांनी सीमा आखली. मी उंबऱ्यावर उभी राहून कधी कधी विचारात पडायचे की आत्ता मी नक्की कोण आहे.

आणि रविवार आला. देवा! माझ्या पुढच्या खोलीत चिखलाचे बूट घातलेली पन्नास माणसं. देव्हाऱ्यावर कुणी रेनकोट वाळत घातलेला. आमच्या लग्नाच्या फोटोखाली एक जण कांदाभजी खात बसलेला आणि हात पडद्याला पुसतोय. दोन पोरी सरळ उंबरा ओलांडून स्वयंपाकघरात आल्या आणि म्हणाल्या, "काकू, इकडे बसायची सोय आहे का?" एकानं विचारलं, चार्जिंगला कुठं लावू? माझं टाळकं असं सरकलं की दिसायचं बंद झालं. आबा खाटेवर बसून शांतपणे पिशवीच्या दुधाचा चहा पीत होते. तेवढ्यात एका बाईनं मोठ्या प्रेमानं मला विचारलं, "हे आजोबा तुमचे कोण?"

"गिऱ्हाईक," मी म्हणाले.

आबांनी ऐकलं. कप तसाच धरून राहिले.

दुपारी गर्दी ओसरली. हे म्हशीकडे गेले. मी फरशी पुसत होते, आणि पुसता पुसता मला आवरेना. हातातलं फडकं बादलीत आपटलं. "आबा, माझ्या घरचं पाणी एवढं कडू लागतं का तुम्हाला? मला मूल नाही, माहीत आहे मला. जगाला माहीत आहे. सासूबाई मरेपर्यंत ऐकवून गेल्या. तुम्ही कशाला रोज माझ्यापुढं मांडून बसता? आई तशीच गेली. तुम्हीपण तसेच जा. मी तोवर पिशवीचं दूध आणून ठेवते."

असं मी बापाला बोलले. एवढ्या वर्षांचं साठलेलं होतं ते सगळं भडाभडा बाहेर आलं. आबा भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. संध्याकाळी मी चहा पुढं केला तर मान हलवली. हॉटेलचासुद्धा घेतला नाही. मला वाटलं, आता हे उठून लोणावळ्याला जातील, आणि त्या पायांनी जातील. मी मनातल्या मनात शंभर वेळा माफी मागितली, तोंडानं एकदाही नाही. आमच्या घराण्याला ते जमत नाही.

सोमवारी वाडी शांत असते. सकाळी मी स्वयंपाकघरात भाकरीचं पीठ मळत होते. मागं पाय घासत चालल्याचा आवाज आला. वळले तर आबा. भिंतीला धरून उंबरा ओलांडला, माझं लाकडी स्टूल ओढलं आणि गॅससमोर बसले. धाप लागली होती.

"चहा दे," म्हणाले. "घरातला. म्हशीच्या दुधाचा."

माझे हात पिठाचे. तशीच मी पातेल्याकडे धावले. पाणी ठेवलं, आलं ठेचलं, गवती चहाची पात तोडून टाकली. एवढा आनंद मला माझ्या लग्नातपण झाला नव्हता. "की कॉफी करू, आबा? सकाळ आहे. तुम्हाला सकाळी कॉफी लागते."

"न्हाई. तुज्या घरी चहा असतो. चहाच दे."

मी दूध ओतलं. पाठमोरी उभी होते, म्हणून विचारायचा धीर झाला. "आज कसं काय, आबा?"

चहाला उकळी येत होती.

"तुला वाटत आसंल मी तुला हिनवत व्हतो," म्हणाले. "तसं न्हाई बाय. रीत काय म्हनती? नातवंड झालं की प्यायाचं. मंग नातवंड नसताना मी पिलो, तर त्येचा अर्थ काय झाला? आता काय व्हत न्हाई, आसं मीच म्हनल्यावानी झालं. डाक्टर म्हनत व्हते. तुजी सासू म्हनत व्हती. सगळी म्हनत व्हती. एक मानूस तरी नको का, न म्हननारं?"

मी वळले नाही. वळता आलं नाही.

"तुजी आई जाताना बोलली, तुमी तरी थांबा. मी थांबलो. आता तुलाच तरास व्हतोय म्हन्ल्यावर कुनासाटी थांबू?"

"मला का नाही सांगितलंत?"

"आसं बोलतं का कुनी लेकीसंगं?"

चहा वर आला, मी गॅस बंद केला. इतकी वर्षं मी ज्यासाठी जीव टाकला ते पातेल्यात तयार होतं, आणि मला ते त्यांना द्यायचं नव्हतं. काय होतंय मला तेच कळेना. मी स्वतः आशा कधी सोडली ते मला आठवतसुद्धा नाही. ह्यांनी माझ्याआधी सोडली असणार. आणि हा म्हातारा खिंड चढून चढून, खांद्याला थर्मास अडकवून, एकटाच माझ्यासाठी ती धरून बसला होता, आणि मी त्याला गिऱ्हाईक म्हणाले होते.

"आबा, नका पिऊ," मी म्हणाले. "आज नको. राहू दे."

"खुळी का काय तू?" म्हणाले. "आन हिकडं. गार व्हतोय."

मी कप-बशी त्यांच्या हातात दिली आणि समोर फरशीवर बसले. त्यांनी चहा बशीत ओतला, फुंकर घातली, आणि प्यायले. मग उरलेला ओतला आणि तोही प्यायले. "चांगला झालाय," म्हणाले. मला पाळी जाऊन वर्षं उलटली होती, डॉक्टर तर त्याच्या कितीतरी आधी सांगून मोकळे झाले होते. तरी मला मूल होणार नाही, हे खरं झालं ते त्या सकाळी, आबांनी रिकामी बशी खाली ठेवली तेव्हा.